फोटोंसाठी डिजिकॅम की डार्कटेबल?

डिजिकॅम आणि डार्कटेबल ही फोटो लावायची आणि सुधारायची सॉफ्टवेअर. काल भाचीने विचारलं, "मामा, दोन्ही फुकट आहेत, मग घेऊ कोणतं?" खर्चाचा प्रश्न दोन्हीकडे नाहीच. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर दोन्ही चालतात.

खरा फरक फोटो शोधताना कळतो. वीस हजार फोटोंतून आजीचे तेवढे हवे असतील तर डिजिकॅमला तोड नाही. ते चेहरे ओळखतं आणि तेही आपल्याच संगणकावर, फोटो कुठे पाठवावे लागत नाहीत. एकसारखे दुबार फोटोही शोधून देतं. टॅग, म्हणजे फोटोला लावलेले शोधशब्द, फोटोच्याच फाइलमध्ये लिहायची सोय आहे, ती आधी चालू करा. उद्या सॉफ्टवेअर बदललं तरी मेहनत वाया जात नाही. डार्कटेबलमध्ये टॅग आणि पसंतीचे तारे आहेत, पण चेहरे ओळखणं नाही. शिवाय फोटो बाहेरून दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवलात की तो सापडत नाही म्हणून त्याच्या जागी कवटीचं चित्र दिसतं!

संपादनात मात्र पारडं फिरतं. रॉ फोटोतलं (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेल्या) काळवंडलेलं तोंड उजळायचं आणि मागचं आकाश तसंच ठेवायचं, हे डार्कटेबलचं मास्क, म्हणजे फोटोचा हवा तेवढाच भाग निवडायची सोय, सुरेख करतं. मूळ फाइलला हात लागत नाही, केलेले बदल शेजारच्या एक्सएमपी फाइलमध्ये राहतात. शिकायला मात्र चिकाटी हवी. डिजिकॅममध्ये कापणं, सरळ करणं, उजेड वाढवणं सहज जमतं.

घरचा जुना साठा लावायचा असेल तर डिजिकॅम घ्या. रॉमध्ये फोटो काढून एकेका फोटोवर बसणाऱ्याने डार्कटेबल घ्यावं. भाचीला मी डिजिकॅमच सुचवलं.