पान्यांचा पहिला संच घेताना: फिक्स, रिंग की गोटी?

घरात एक १०० सीसीची मोटारसायकल, विहिरीवर मोटर, गोठ्याजवळ कडबाकुट्टी, जमलं तर एखादा जुना ट्रॅक्टर. एवढ्यापुरते पाने घ्यायला माणूस दुकानात जातो आणि काउंटरवर चार प्रकार मांडले जातात: फिक्स पान्यांचा संच, रिंग पान्यांचा संच, कॉम्बिनेशन पाने आणि गोटी पान्यांची (गोटी म्हणजे सॉकेट, नटावर टोपीसारखी बसणारी; ती फिरवायला वेगळा दांडा) चकचकीत पेटी. पैसे एकाचेच असतात. बहुतेक जण पेटी उचलतात, कारण तेवढ्याच पैशात ४६ वस्तू मिळतात. माझं मत आधीच सांगतो: पहिल्यांदा रिंगचा संच घ्या, जमलं तर त्याच दिवशी फिक्सचा. पेटी नंतर.

कारण नटाच्या कडांमध्ये आहे. नटाला सहा बाजू असतात. फिक्स पान्याचं तोंड उघडं असतं, ते समोरासमोरच्या दोनच बाजू धरतं आणि जोर दोन कोपऱ्यांवर येतो. नट गंजलेला असेल, पाना थोडा घासलेला असेल, तर जोर लावला की तोंड किंचित फाकतं, पाना सटकतो आणि नटाचे कोपरे मरतात. एकदा नट गोल झाला की मग छिन्नी-हातोडी. रिंग पाना नटाला चहूबाजूंनी वेढतो, जोर सहाही कोपऱ्यांवर वाटला जातो, आणि फाकायला तिथे तोंडच नसतं. जाम नट पहिल्यांदा हलवायचा तो रिंगनेच, हे आयटीआयमध्ये फिटरच्या पोराला शिकवतात.

मग फिक्स पाना कशाला? एक तर रिंग वरूनच बसवावी लागते. ब्रेकच्या किंवा डिझेलच्या पाइपवरच्या नटाला वरून बसवायला जागाच नसते, तिथे पाना बाजूनेच घालावा लागतो. दुसरं, नट सैल झाल्यावर फिक्स पाना भराभर चालतो. त्याचं तोंड दांड्याशी १५ अंशात तिरपं असतं, ते उगाच नाही. अडचणीच्या जागी पाना अर्धवट फिरवायचा, उलटा करायचा, पुन्हा घालायचा. असं केलं की ६० ऐवजी ३० अंशांच्या जागेतही नट फिरत राहतो. पाना उलटा-सुलटा करत काम करणारा मेकॅनिक बघा, तो हेच करत असतो.

आता खरी गोष्ट, जी संच निवडताना कुणी सांगत नाही. नट-बोल्ट खोलायला एकाच मापाचे दोन पाने लागतात. एकाने मागून बोल्टचं डोकं धरायचं, दुसऱ्याने नट फिरवायचा. आपल्याकडचा नेहमीचा आठ पान्यांचा संच (प्रत्येक पान्याच्या दोन टोकांना दोन मापं, एमएममध्ये) ६-७, ८-९, १०-११, १२-१३, १४-१५, १६-१७, १८-१९, २०-२२ असा येतो. त्यात १३ एकदाच, १७ एकदाच. म्हणून नुसता फिक्सचा किंवा नुसता रिंगचा संच घेतला की पहिल्याच आर-पार बोल्टला काम अडतं. दोन्ही घेतले की प्रत्येक मापाचे दोन झाले: बोल्ट धरायला फिक्स, नट फिरवायला रिंग. कॉम्बिनेशन पाना, म्हणजे एका टोकाला फिक्स आणि दुसऱ्या टोकाला त्याच मापाची रिंग, हाताळायला फार छान असतो, पण एका संचात प्रत्येक माप एकच. तो घ्यायचा असेल तर सोबत फिक्सचे चार-पाच सुटे पाने घ्यावेच लागतात. प्रवासात गाडीवर न्यायला मात्र कॉम्बिनेशनच बरे; दोन-तीन पाने, एक फडकं, झालं.

पेटीबद्दल माझा राग आहे, आणि तो अनुभवातून आलाय. मोटरचा फूटव्हॉल्व्ह, म्हणजे पाइपच्या तळाशी पाण्यात असणारी झडप, बदलायचा होता, फ्लँजचे (पाइप जोडायच्या चकतीचे) चार नट, पाण्यात राहून लालभडक झालेले. माझ्याकडे तेव्हा नवी ४६ नगांची पेटी होती, कंपनीचं नाव सांगण्यात अर्थ नाही. पहिला नट सुटला. दुसऱ्याला जोर लावला तसं हातात काहीतरी मऊ पडल्यासारखं झालं. गोटी काढून बघितली तर तिच्या तोंडाशी केसाएवढी चीर, आणि नटाचे दोन कोपरे साफ गेलेले. तो नट शेवटी हॅक्सॉने कापला. उन्हात दीड तास, विहिरीच्या काठावर वाकून.

चूक पेटीची होती तेवढीच माझीही, हे नंतर कळलं. त्या ४६ नगांच्या पेट्या बहुतेक पाव इंची चौकटीच्या असतात, म्हणजे गोटीत बसणारा चौकोनी खुंटा पाव इंचाचा. गोट्या साधारण ४ पासून १४ पर्यंत, आणि उरलेली संख्या स्क्रू-ड्रायव्हरच्या बिटांनी भरलेली. मिक्सर, पंखा, सायकल, गाडीचे प्लॅस्टिकचे पार्ट यांना ते उत्तम. फ्लँजच्या नटाला नाही. शेतीच्या कामाला अर्धा इंची चौकट लागते. पण तिचाही उलटा धोका आहे. ६ एमएम जाडीच्या बोल्टला, ज्याचं डोकं १० चं असतं, साधारण १० न्यूटन-मीटर (पिळायचा जोर मोजायचं एकक) जोर पुरतो. अर्धा इंची रॅचेटचा, म्हणजे खटक्यांनी एकाच दिशेला नट फिरवणारा दांडा २५ सेंटिमीटरचा धरा. त्यावर सहज १० किलो ओढलं तरी २५ न्यूटन-मीटर होतात. इंजिनच्या अ‍ॅल्युमिनियममधले आटे तिथेच उपटून येतात. १० च्या रिंग पान्याचा दांडा आखूड असतो तो याचसाठी: मापाप्रमाणे दांडा, दांड्याप्रमाणे जोर.

तरी गोटीला पर्याय नाही अशा जागा आहेत. खोल खळग्यातला नट, इंजिनवरच्या दोन पात्यांमध्ये अडकलेला बोल्ट, स्पार्क प्लग. स्प्लेंडरसारख्या गाड्यांच्या बारीक प्लगला १६ ची लांब गोटी लागते, जुन्या जाड प्लगला २१ ची. म्हणून दुसऱ्या टप्प्यात अर्धा इंची दांडा, एक एक्स्टेन्शन (दांडा आणि गोटी यांच्यामध्ये लावायची लांब कांडी) आणि लागतील तेवढ्याच सुट्या गोट्या घ्या. सहा कडांच्या गोट्या मागा. बारा कडांची गोटी पटकन बसते, पण गंजक्या नटावर सहा कडांची पकड जास्त चांगली. रॅचेटचे दातेही विचारा: २४ दात्यांचा असेल तर दर खटक्याला १५ अंश फिरवावं लागतं, ७२ दात्यांचा ५ अंशांत चालतो. मात्र जाम नट रॅचेटने फोडू नका, त्याचे आतले दाते तुटतात. त्याला आडवा दांडाच लावावा.

अ‍ॅडजस्टेबल पाना नळाच्या, टाकीच्या मोठ्या नटांसाठी ठेवा, बाकी कशाला नाही. लावताना जोर पक्क्या जबड्यावर येईल असा धरायचा, सरकत्यावर नाही.

मापांचं सांगायला हवं, कारण इथेच पैसे वाया जातात. ८ एमएमच्या बोल्टचं डोकं आपल्या साध्या बाजारी बोल्टवर १३ चं, आणि जपानी पद्धतीच्या गाड्यांवर १२ चं. १० एमएमचं बाजारी १७, जपानी १४. म्हणून होंडा-हिरो घराण्याच्या गाडीला १०, १२, १४, १७ सतत लागतात, तर पंप, कडबाकुट्टी, लोखंडी गेटला १०, १३, १७, १९. १२-१३ चा पाना सगळ्यांत आधी झिजतो तो यामुळेच. ९, ११, १५ क्वचितच हातात येतात. जुन्या मॅसी ट्रॅक्टरचे नट इंचात असतात. पाऊण इंच म्हणजे १९.०५ एमएम, त्याला १९ चा चालून जातो. पण अर्धा इंच म्हणजे १२.७, त्यावर १३ चा बसतो, डुगडुगतो, आणि कोपरे मारतो.

दुकानात जाताना खिशात १३ चा आणि १७ चा एकेक नवा नट ठेवा. पाना नटावर बसवून हलवून बघा. चांगल्या पान्यात नट जेमतेम सरकतो, हलकाच हलतो. खुळखुळ वाजला तर परत द्या. मग तोंडाच्या आतल्या बाजूने बोट फिरवा. आतली बाजू सपाट हवी, ओतकामाचे खडबडीत दाणे लागता कामा नयेत. घडीव पाना बारीक असूनही जड आणि टणक लागतो, ओतीव पाना जाडजूड दिसतो आणि पोकळ वाजतो. नुसतं ‘क्रोम व्हॅनेडियम’ (चिवट पोलादाचं नाव) कोरलेलं असणं पुरेसं नाही, ते कुणीही कोरतं. क्रोमची चमक पाहून तर अजिबात घेऊ नका; तिचा उपयोग गंज टाळण्यापुरता. आपल्याकडे नाशिकच्या सातपूरमध्ये टपारिया या हत्यारांच्या कंपनीचा कारखाना आहे, जालंधर तर हत्यारांचंच गाव. साध्या हार्डवेअरच्या दुकानातही अशा जुन्या कंपन्यांचे सुटे पाने मिळतात. सुटे मिळणं हाच त्यांचा मोठा फायदा. १२-१३ हरवला तर तेवढाच आणता येतो, पेटीतली हरवलेली गोटी मात्र परत मिळत नाही.

एकदम दोन संचांचे पैसे नसतील, तर सुट्यांतच सुरुवात करा: रिंगमध्ये १०-११, १२-१३, १४-१५, १६-१७, १८-१९ आणि फिक्समध्ये १२-१३, १६-१७. सात पाने होतात. घरच्या कामाला वर्षभर आठवा क्वचितच लागेल, आणि जो लागेल त्याचं माप तेव्हा नटच सांगेल.