आवाज कानात होता, स्क्रीन मात्र उघडी होती

माझ्या खात्यातून चोरीला गेलेली रक्कम आधीच सांगते, म्हणजे कुणी वरवर वाचून पुढे जाणार नाही: ३८,४५०. दोन व्यवहार. आधी २४,०००, चार मिनिटांनी १४,४५०. मला लिंकबिंक आली नव्हती, ओटीपी कुणाला सांगितला नव्हता. त्या बाबतीत घरात सगळ्यांना अक्कल शिकवणारी मीच.

वेटिंग रूममध्ये बसले होते. मला दिसत नाही; स्क्रीनवरचं सगळं वाचून दाखवतं ते अँड्रॉइड फोनमधलं टॉकबॅक. कानात इयरफोन, त्यामुळे ते फक्त मलाच ऐकू येत होतं. लॉक उघडलं, बँकेचं ॲप उघडलं, शिल्लक ऐकली. आवाज बाहेर जात नाही म्हणजे सगळं झाकलेलं, हा कित्येक वर्षांचा समज. स्क्रीन मात्र लख्ख चालू. डोळस माणूस पिन झटक्यात टाकतो. आपण एकेक आकडा चाचपतो, आणि बोट थांबेल त्या आकड्याभोवती टॉकबॅक ठळक चौकट काढतं. शेजाऱ्याला ऐकायची गरजच काय? फोनचा पिन तोच बँकेचाही. (बोला काय बोलायचं ते. आणि तुमचेही एकच असतील तर आधी उठून बदला.)

शेजारचा म्हणाला, "ताई, आठच टक्के राहिलंय. तिकडे चार्जिंगला लावून देऊ?"

आठ टक्के! ते टॉकबॅकने माझ्या कानात सांगितलं होतं, मी तोंडातून शब्द काढला नव्हता. मग याला कसं कळलं? हा प्रश्न मला तिथे पडायला हवा होता, पडला दोन दिवसांनी, रात्री अडीच वाजता. त्या वेळी वाटलं, किती लक्ष आहे बिचाऱ्याचं! इयरफोनची वायर काढून स्वतःच्या हाताने फोन दिला. अनोळखी माणसांचे हात धरून रस्ते ओलांडते मी. प्रत्येकावर संशय घेत बसले तर घराबाहेर पडायलाच नको.

फोन परत आला तो मुका. वाटलं, हँग झाला. दोन्ही व्हॉल्यूमची बटणं तीन सेकंद दाबून धरली तसं टॉकबॅक बोलायला लागलं. ते आपोआप बंद पडलं नव्हतं, हेही नंतरच सुचलं.

टॉकबॅकच्या मेनूत स्क्रीन लपवायची सोय आहे. आयफोनवाल्यांनो, व्हॉइसओव्हर (तुमचं टॉकबॅक) चालू असताना तीन बोटांनी तीनदा टॅप, स्क्रीन मोठी करून दाखवणारं झूमही चालू असेल तर चारदा. स्क्रीन काळी होते, फोन चालू राहतो. मला हे माहीत होतं! घरच्यांना काही दाखवायचं झालं की दर वेळी कोण ते काढत बसणार, म्हणून वापरत नव्हते. चारचौघांत पिन टाकूच नका, बोटाचा ठसा वापरा.

बँक म्हणते, व्यवहार योग्य पिनने झालाय, निष्काळजीपणा तुमचाच. ऑनलाइन तक्रारीच्या फॉर्मला चित्रातला कॅप्चा, ऐकायची सोय नाही. शाखेत गेले तर काउंटरवरच्या बाईंनी माझा अर्ज खाते क्रमांकासकट मोठ्याने वाचला, भरल्या रांगेत. पोलिसांचा पहिला प्रश्न, "दिसायला कसा होता?" म्हटलं, आवाज ओळखेन, शेवटचा शब्द ओढून बोलायची लकब आहे. ते लिहून घेतलं नाही. लिहून काय घेतलं, तर "तक्रारदारासोबत डोळस व्यक्ती नव्हती." म्हणजे गुन्हा माझाच!

काल बँकेचं लेखी उत्तर आलं, ईमेलने. कागदाचा फोटो काढून जोडलाय. टॉकबॅक म्हणतं, "इमेज".