तू कागदांचं बघ, मी इथलं बघतो

"तू कुडाळला जाऊन कर्जाचे कागद उरक, मी गोदामाचं बघतो." माझा भागीदार हे म्हणाला आणि मी पहिल्या एसटीने निघालो. संध्याकाळी परत आलो तर काजूची पोती नव्हती, वजनकाटा नव्हता, त्याचा फोन बंद. कर्जाला सही दोघांची लागणार होती, तरी तो म्हणाला होता, "माझं काय, मी करेन मागाहून." तिथेच मला कळायला हवं होतं.

बरेच महिने वाटायचं की एवढा बावळट जगात मीच. मग स्टीड बॉनेटची हकिकत हाती लागली. तीनशे वर्षांपूर्वीचा कॅरिबियन समुद्री चाचा, आणि त्याला अगदी असाच चुना लावलेला.

बॉनेट बार्बाडोसचा जमीनदार. वडिलोपार्जित चारशे एकरांवर इस्टेट, बायको, मुलं. 1717 साली त्याच्या डोक्यात चाचेगिरी शिरली. चाचे जहाज पळवतात, याने पदरचे पैसे घालून तयार करून घेतलं: दहा तोफांचं 'रिव्हेंज'. खलाशांना लुटीत वाटा नाही, चक्क पगार! समुद्राचं ज्ञान शून्य. आमच्याकडे असल्या तांडेलाबरोबर कोणी वल्हंसुद्धा धरणार नाही.

एका स्पॅनिश युद्धनौकेशी झुंजताना तो जबर जखमी झाला, आणि त्याच सुमारास त्याला भेटला नामचीन चाचा ब्लॅकबिअर्ड, म्हणजे एडवर्ड टीच. तुम्हाला हा त्रास झेपायचा नाही, आराम करा, असा एकंदर सूर. 'रिव्हेंज'चा ताबा टीचकडे गेला आणि मालक नाइटगाऊन घालून डेकवर फिरू लागला, पुस्तकं वाचू लागला. (माझाही हिशेबाचा कंटाळा भागीदाराला फार सोयीचा पडला होता.)

1718 च्या मे महिन्यात टीचने दक्षिण कॅरोलिनातल्या चार्ल्स टाउन बंदराची नाकेबंदी केली. जूनमध्ये उत्तर कॅरोलिनाच्या किनाऱ्याजवळ त्याचं मोठं जहाज वाळूत रुतलं. मुद्दाम रुतवलं, असं पुष्कळांचं मत आहे. चाचेगिरी सोडणाऱ्यांना तेव्हा ब्रिटिश राजाची माफी मिळत होती. माफी टीचलाही हवीच होती, पण पुढे पाठवलं बॉनेटला. तो छोट्या होडीने बाथ गावी गेला, उत्तर कॅरोलिनाचा गव्हर्नर चार्ल्स ईडनकडून माफी घेतली, आता रीतसर परवान्याने स्पॅनिश जहाजं लुटू, या आनंदात परतला.

'रिव्हेंज' जागेवर होतं, पण धुऊन नेलेलं. लूट गायब, टीच गायब, आणि पंचवीसेक खलाशी वाळूच्या निर्जन पट्ट्यावर सोडून दिलेले. बॉनेटने त्यांना उचललं आणि त्याच किनाऱ्यावरच्या ओक्राकोक बेटापर्यंत टीचचा माग काढला. तो हातावर तुरी देऊन गेला होता.

इथवर बॉनेटची कीव येते. पुढचं मात्र त्याने स्वतःच्या हाताने केलं. माफीचा कागद खिशात असताना जहाजाचं नाव 'रॉयल जेम्स' केलं, स्वतःला 'कॅप्टन थॉमस' म्हणवून घेतलं आणि पुन्हा लूटमार सुरू केली. फसलेल्या माणसाला नुकसान लगोलग भरून काढायचं असतं. मीही तेव्हा एकाकडून भलत्या व्याजाने पैसे उचलले होते. त्याचे हप्ते गेल्या दिवाळीपर्यंत चालू होते.

सप्टेंबरअखेर केप फिअर नदीत चार्ल्स टाउनहून चाच्यांच्या मागावर निघालेल्या कर्नल विल्यम ऱ्हेटने बॉनेटला पकडलं. तो चार्ल्स टाउनच्या कैदेतून निसटला, पुन्हा सापडला. 22 नोव्हेंबरला टीच ओक्राकोकजवळच्या लढाईत मारला गेला, तेव्हा बॉनेट फाशीची शिक्षा होऊन दिवस मोजत होता. दक्षिण कॅरोलिनाच्या गव्हर्नरला त्याने दयेसाठी गयावया करणारं पत्र लिहिलं. 10 डिसेंबर 1718 रोजी त्याला फाशी दिलं.