कॉफीचं झाकण: सपाट की उंच?

कागदी कपावरची झाकणं मुख्यतः दोन घराण्यांची. एक सपाट, कडेचा तुकडा फाडून मागे दुमडायचं. दुसरं उंच कडेचं, ज्याचा नमुना म्हणजे अमेरिकेतलं सोलो ट्रॅव्हलर. जॅक क्लेमेंट्स यांचं हे 1986चं डिझाइन. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने 2004 साली साध्यासुध्या उत्तम वस्तूंच्या प्रदर्शनात ते मांडलं. प्लॅस्टिकच्या झाकणाचा एवढा मान! पण तो हक्काचा आहे.

उंच कडेमुळे कापुचिनोचा फेस चेपत नाही. वरचा ओठ टेकायला खोलगट जागा मिळते, नाक झाकणावर आपटत नाही. आणि पिण्याच्या भोकासमोरचं ते सुईएवढं छिद्र तर खरी करामत. घोट बाहेर आला की कपात हवेचा दाब कमी होतो. हवा आत यायला वाट नसेल तर कॉफी अडून अडून, गचके खात येते. छिद्रामुळे धार सलग राहते.

सपाट झाकणाची जमेची बाजू? रचून ठेवायला जागा कमी लागते, आणि फाडेपर्यंत ते बंद असतं, म्हणून पार्सलला बरं. उंच झाकणाचं भोक सुरुवातीपासूनच उघडं. कप कलला की सांडणारच. सपाट एकदा फाडलं की मात्र तोंड मोठं, आणि दुमडलेला तुकडा हमखास परत उसळतो.

बसून प्यायची असेल तर दोन्ही काढून ठेवा. वास तरी येतो. चालता चालता प्यायची असेल तर उंचच घ्या.