कॉलेजच्या ग्रंथालयात क्रिएलिटी एंडर-३ व्ही३ एसई: प्रिंटर चांगला, पण कार्ड काउंटरवरच ठेवा

या थ्रीडी प्रिंटरला वायफाय नाही. घरी वापरणाऱ्याला ते खटकतं आणि खटकणं रास्तही आहे. कॉलेजच्या ग्रंथालयात मात्र हीच त्याची सगळ्यात कामाची गोष्ट. फाइल एसडी कार्डावरून द्यावी लागते, आणि कार्ड देवघेव काउंटरवर ठेवलं की हॉस्टेलच्या खोलीतून रात्री अकराला कुणी प्रिंट सोडू शकत नाही. प्रत्येकाला काउंटरपाशी यावं लागतं. तिथे रांगेत दुसऱ्या शाखेचं कुणीतरी उभं असतं, स्क्रीनवर डोकावतं आणि म्हणतं, "अरे, हे उलटं ठेव ना, खाली टेकूचा सपोर्टच लागणार नाही." प्रिंटर वर्कशॉपमध्ये न ठेवता ग्रंथालयात ठेवायचा तो या डोकावण्यासाठी.

आधी यंत्राबद्दल. छपाईची जागा २२० × २२० × २५० मिमी, नॉझल (वितळलेलं प्लास्टिक सोडणारं तोंड) ०.४ मिमीचं, ते २६०° सेल्सिअसपर्यंत तापतं, बेड (वस्तू जिच्यावर छापली जाते ती पाटी) १००° पर्यंत. फिलामेंट (प्लास्टिकचा धागा) ओढणारी मोटर थेट नॉझलच्या डोक्यावर बसवलेली आहे, त्यामुळे रबरासारखं टीपीयू प्लास्टिकही चालतं. वेग मात्र सेकंदाला २५-३० मिमीवर उतरवायचा. कंपनी कमाल वेग २५० मिमी सांगते. त्या आकड्याकडे दुर्लक्ष करा, १५० ते १८० वर कामं नीट होतात. किंमत साधारण वीस हजारांच्या घरात, म्हणजे तीन कोटेशनं मागवून विभागाच्या बजेटमधून निघण्यासारखी. यंत्र डेडस्टॉकच्या नोंदवहीत चढवा. नॉझल आणि फिलामेंट मात्र कन्झ्युमेबलमध्ये दाखवा, नाहीतर संपलेल्या रिळांचं निर्लेखन करत बसावं लागेल.

जोडणी सोपी आहे. उभी चौकट तळाला स्क्रूने बसवायची, स्क्रीन लावायचा, केबली खोचायच्या. अर्धा-पाऊण तास पुरे. प्लग लावण्याआधी पॉवर सप्लायवरचा व्होल्टेजचा स्विच २३० वर आहे ना, हे डोळ्यांनी बघा. ११५ वर राहिला तर सप्लाय पहिल्याच मिनिटाला जातो.

ठेवायचा कुठे, यावर मात्र वेळ घालवावा. वाचनकक्षात नको, यंत्रातल्या पंख्यांची घूं घूं सतत चालू असते. छताच्या पंख्याखाली तर अजिबात नको. बेड ६० अंशांवर असतो आणि वरून वारा लागला की वस्तूचे कोपरे आकसून उचलले जातात. दोष फिलामेंटला दिला जातो, खरा अपराधी डोक्यावर फिरत असतो. नियतकालिकांच्या विभागाशेजारची काचेची केबिन असेल तर उत्तम: आवाज आत राहतो, बाहेरून दिसतं आणि खिडकी उघडता येते. एबीएस प्लास्टिक ग्रंथालयात छापायचंच नाही, त्याचा वास आणि धूर दोन्ही बंद खोलीत त्रासदायक. पीएलए आणि कधीमधी पीईटीजी, ही दोनच प्लास्टिकं ठेवा.

बेडची पातळी हा प्रिंटर स्वतः मोजतो आणि नॉझल बेडला टेकवून अंतरही स्वतः ठरवतो. इथेच पहिली मेख आहे. आधीच्या प्रिंटचा प्लास्टिकचा थेंब नॉझलच्या टोकावर सुकून राहिला असेल, तर यंत्र त्या थेंबालाच नॉझल समजतं. अंतर चुकतं, पहिला थर हवेत पडतो आणि दहा मिनिटांनी बेडवर शेवयांचा गुंता तयार होतो. म्हणून मोजणीआधी नॉझल १५०-१६० अंशांवर तापवून पितळी ब्रशने पुसायचं. एवढं करूनही थर चिकटत नसेल, तर प्रिंट चालू असतानाच स्क्रीनवरून झेड ऑफसेट (नॉझल आणि बेडमधलं अंतर) ०.०५ मिमीने खाली घेत जा. रेषा एकमेकींना चिकटून किंचित चपट्या दिसल्या की थांबा.

दुसरी मेख बोटांची. बेडवरची पत्र्याची शीट दिवसाला दहा जण हाताळतात आणि बोटांच्या तेलावर पीएलए धरत नाही. आठवड्यातून दोनदा भांड्यांच्या साबणाने धुवायची, कोरडी पुसायची. प्रिंट झाल्यावर लगेच पट्टीने उचकटणारे उतावीळ प्रत्येक वर्गात असतात. बेड ४० अंशांखाली आला की शीट काढून हलकेच वाकवा, वस्तू आपोआप सुटते.

तिसरी पावसाळ्याची. जून ते सप्टेंबर उघडं ठेवलेलं रीळ हवेतला ओलावा पितं. पीएलए ठिसूळ होऊन एक्स्ट्रूडरच्या (धागा ओढणाऱ्या भागाच्या) तोंडाशी कट्कन तुटतं. पीईटीजीमधून छपाईच्या वेळी चट् चट् आवाज येतो आणि वस्तूवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे सुटतात. धान्याचा हवाबंद डबा आणि त्यात पावशेर नारिंगी सिलिका जेल, हा सगळ्यात स्वस्त उपाय. जेल हिरवट झालं की तापवून पुन्हा वापरा. ओलं झालेलं पीएलए ४५-५० अंशांवर पाच-सहा तास सुकवलं की वळणावर येतं. कोकणात तर डब्याशिवाय रीळ ठेवूच नका.

वीज गेली तर प्रिंटर जागा लक्षात ठेवतो आणि पुढे सुरू करतो, हे खरं. पण तेवढ्यात बेड थंड झाला तर वस्तू शीटवरून सुटलेली असते आणि यंत्र आज्ञाधारकपणे हवेत छापत राहतं. संगणकाचा साधा ६०० व्हीएचा यूपीएस पुरत नाही, कारण बेड तापताना हा ३५० वॉटपर्यंत ओढू शकतो. १ केव्हीए घ्या. फिलामेंट संपल्याचं ओळखणारा सेन्सर सोबत येत नाही, वेगळा घ्यावा लागतो. तोवर दर प्रिंटआधी रीळ स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवायचं आणि रिकाम्या रिळाचं वजन वजा करायचं. एक किलो पीएलए म्हणजे साधारण ३३० मीटर धागा. स्लायसर (आकाराचे थर पाडणारं सॉफ्टवेअर) ग्रॅम सांगतोच, ताळा लगेच होतो.

आता खरा प्रश्न: यावर वेगवेगळ्या शाखांचं एकत्र काम होतं का? की-चेन छापत बसलं तर नाही. त्यासाठी काम असं हवं की एका शाखेला ते एकट्याने जमणार नाही. राजगडाचं प्रारूप हे चांगलं उदाहरण. भूगोलाचे विद्यार्थी एसआरटीएम या अंतराळयानातून केलेल्या मोजणीची, दर ३० मीटरला एक अशी उंचीची माहिती मोफत उतरवतात आणि क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये ४ × ४ किमीचा तुकडा कापतात. नकाशा आधी यूटीएम झोन ४३ उत्तर या मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रणालीत आणायचा. अंशांत ठेवला तर उंची मीटरमध्ये, रुंदी अंशांत, आणि गडाच्या जागी सुयांचं जंगल उगवतं. मग डीईएमटूथ्रीडी हे प्लगइन वापरून १:२०,००० प्रमाणात एसटीएल (त्रिमितीय आकाराची) फाइल काढायची. कागदावर २०० मिमीची बाजू बेडवर बसते, पण तशी छापायला घेतली तर यंत्र दिवसभर अडकून राहतं. संगणकशास्त्राच्या मुलांनी तिचे १०० × १०० मिमीचे चार भाग करायचे. ०.२ मिमीचे थर आणि आत १० टक्के भराव धरला तर एकेक भाग ५०-६० ग्रॅममध्ये होतो, चार गटांना चार.

गंमत पुढे आहे. या प्रमाणात ३० मीटरचा चौकोन म्हणजे बेडवर दीड मिमी. संजीवनी माचीचा उतार बोटाला कळतो, पण बुरूज आणि तटबंदी कुठेच दिसत नाही. इथे इतिहासाचे विद्यार्थी लागतात. बुरूज नेमका कुठे, दरवाजा कोणत्या दिशेला, हे संदर्भ विभागातली पुस्तकं काढून ठरवायचं आणि टिंकरकॅड या त्रिमितीय आराखड्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये वेगळं बनवून चिकटवायचं. टिंकरकॅड मोफत आहे, ब्राउझरमध्ये चालतं, आणि दुवा पाठवला की दोघं एकाच आराखड्यावर काम करू शकतात. बुरूज त्याच प्रमाणात केला तर अर्ध्या-एक मिमीचा होतो आणि ०.४ च्या नॉझलला झेपत नाही. तो मोठा करावा लागतो. किती मोठा चालेल, यावर भूगोल आणि इतिहास यांचं भांडण ठरलेलं. होऊ द्या.

नियम थोडेच ठेवा, पण काउंटरवर लावून ठेवा. एका कामाला कमाल चार तास आणि ६० ग्रॅम. दोन वेगवेगळ्या शाखांचा गट असेल तर दोन तास जास्त. पहिला थर पूर्ण होईपर्यंत फाइलच्या मालकाने यंत्रापाशी उभं राहायचं. बहुतेक प्रिंट तिथेच फसतात. वेगवेगळ्या गटांच्या वस्तू एकाच बेडवर एकत्र छापायच्या नाहीत: एक सुटली की नॉझल तिला ओढत बाकीच्या सगळ्या पाडतं. फाइलचं नाव आखूड आणि रोमन लिपीत, रोल नंबर आणि तारीख एवढंच. प्रिंटरच्या स्क्रीनकडून देवनागरीची अपेक्षा ठेवू नका. दर ग्रॅमला तीन रुपये ठेवला तर किलोला हजाराच्या आसपास पडणारं फिलामेंट, फसलेल्या प्रिंट, नॉझल आणि वीज यांचा खर्च निघतो. फुकट ठेवलं की पहिल्या महिन्यात सुपरहिरोंच्या मूर्तींची रांग लागते.

बांबू लॅबचा ए१ मिनी घ्यावा का, हे हमखास विचारलं जातं. तो वेगवान आहे, शांत आहे, वायफाय आणि कॅमेरा सोबत येतो आणि बेडची खटपट एंडरहून कमी. पण छपाईची जागा १८० मिमीच्या घनाएवढीच. शिवाय कॅम्पसचं वायफाय जिथे लॉगिनचं पान उघडून पासवर्ड मागतं, तिथे प्रिंटरला ते पान भरता येत नाही. ग्रंथालय परिचराकडे यंत्राकडे बघायला रोज पंधरा मिनिटंही नसतील, तर मात्र मिनीच घ्या. एंडरला तेवढी देखभाल लागतेच.

आणखी एक खर्च धरा, तो फुकटच आहे: जुन्या कॅटलॉग कार्डांचा एक खण. फसलेली प्रत्येक वस्तू त्यात, सोबत कोऱ्या बाजूला दोन ओळी. "डावा कोपरा उचलला. पंखा चालू होता." "बुरूज तुटला. भिंत ०.४ मिमी, पुढच्या वेळी १.२." पुढचा गट काउंटरवर आला की कार्ड देण्याआधी त्याच्यासमोर तो खण उघडायचा.