हिवाळाभर बोटीवर राहिलेलं कव्हर : पाण्यापेक्षा हवेची परीक्षा

बोटिंगचा मोसम संपल्यावर बोट पाण्याबाहेर काढून झाकली, तेव्हा नवं पॉलिएस्टरचं हवेशीर कव्हर घातलं होतं. पाऊस, बर्फ आणि वारा सोसून ते आता उतरवलं आहे. कव्हर घेताना बहुतेक जण पाणी आत येतं का, एवढंच विचारतात. माझ्या मते आधी विचारायला हवं ते हे, की आतली ओल बाहेर जाते का?

बोट कितीही पुसली तरी तळाच्या खाचेत, गालिच्यात, गाद्यांत थोडी ओल उरतेच. प्लॅस्टिकच्या ताडपत्रीखाली दिवसा तिची वाफ होते, रात्री ती वाफ थंड प्लॅस्टिकला लागून थेंब होऊन परत खाली पडते. बाहेर थेंबभर पाऊस नसतानाही आत बुरशी धरते ती यामुळे. या कापडातून वाफ हळूहळू निघून जाते. तरी सगळं काम कापडावर सोडता येत नाही. नाळेजवळ, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाजवळ, आणि मागच्या बाजूला जे झाकणवाले झरोके दिले आहेत, त्यांचा यात मोठा वाटा आहे. झरोके नसलेलं स्वस्त मॉडेलही मिळतं. ते मी कुणालाच सुचवणार नाही. गाद्या उभ्या करून ठेवल्या होत्या, कप्प्यांची झाकणं उघडी होती. कव्हर काढलं तेव्हा कुबट वास अजिबात आला नाही. झाकण उघडं राहूच शकत नाही अशा एका अरुंद कप्प्यात तेवढे काळे ठिपके दिसले.

सोबत आलेले आधाराचे खांब मात्र कमी पडतात. दोन खांबांच्या मध्ये कापड झोळीसारखं खाली येतं आणि तिथे पाणी साचतं. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो वजन, तेही शिवणीवर. मी नाळेपासून मागपर्यंत एक लाकडी आढं टाकलं आणि दोन्ही बाजूंना चांगला उतार दिला. त्यानंतर बर्फ बराचसा आपोआप घसरून जात राहिला. आढ्याची टोकं आणि काचेच्या चौकटीचे कोपरे फोमने गुंडाळायलाच हवेत, नाहीतर कापड तिथेच झिजतं.

पट्टे उत्तम आहेत. ते बोटीच्या पोटाखालून एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला नेऊन ताणायचे. जमिनीवर बोटीला आधार देणाऱ्या जॅक स्टँडला कव्हर कधीही बांधू नये. वाऱ्याने कापड फडफडलं की स्टँड ओढला जाऊन निसटू शकतो आणि अख्खी बोट कलंडू शकते. सैल कव्हर तर जेलकोटवर, म्हणजे बोटीच्या बाहेरच्या चकचकीत थरावर, सतत घासत राहतं आणि चकाकी घालवतं.

कव्हर चांगलं आहे म्हणून बाकीची तयारी टळत नाही. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि इनबोर्ड, म्हणजे बोटीच्या आत बसवलेल्या, इंजिनाच्या ब्लॉकमध्ये अडकलेलं पाणी बिडाला तडा देऊ शकतं. ते काढून टाकायचं, मग प्रोपिलिन ग्लायकॉलचं अँटीफ्रीझ, म्हणजे सहजी न गोठणारा द्रव, भरायचं. इथे डब्यावरचा आकडा नीट वाचा. 'उणे ४५ अंश' हा बहुतेकदा नळी न फुटण्याचा आकडा असतो. द्रव त्याच्या बराच आधी घट्ट होऊ लागतो, आणि आत उरलेलं पाणी मिसळलं की संरक्षण आणखी घटतं. आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावलेलं इंजिन, उभं ठेवलं की त्यातलं पाणी आपोआप निथळतं. गियर ऑइल मात्र थंडीआधीच बदलावं. ते दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलंय, सील तपासून घ्या. बॅटरी पूर्ण चार्ज करून ठेवा, उतरलेली बॅटरी गोठते. नाळ थोडी उंच आणि ड्रेन प्लग, म्हणजे तळातलं पाणी सोडायचं बूच, काढलेला, म्हणजे चुकून आत गेलेलं पाणीही बाहेर पडतं. काढलेला प्लग मी स्टिअरिंगला बांधतो, म्हणजे बोट पाण्यात सोडताना तो लावायचा विसरत नाही.

तक्रारी दोन. मागच्या बाजूची झिप कडाक्याच्या थंडीत गोठून बसते, त्यामुळे अधूनमधून आत डोकावणं अवघड होतं. आणि भिजलेलं कव्हर इतकं जड होतं की एकट्याने उतरवणं जमत नाही. कोरड्या दिवशी दोघांनी मिळून काढावं. शिवणी शाबूत आहेत, रंग उडालेला नाही. उन्हं जिथे थेट पडतात त्या भागावर पाणी आता पूर्वीसारखं घरंगळत नाही, म्हणून पुढच्या मोसमाआधी त्यावर जलरोधक स्प्रे मारणार आहे. घडी घालण्याआधी कव्हर साध्या साबणाने धुऊन पूर्ण वाळवून घेतलं आहे.