लश्करातली बिस्किटांची भट्टी: केक न्यायचा तर चारनंतर

नाव विचारू नका, दुकानावर पाटीच नाही. ग्वाल्हेरच्या लश्कर भागात, महाराज बाड्याच्या चौकापासून पायी दहा मिनिटं, गल्लीत शिरलं की वासावरून सापडतं. आम्ही घरात तिला नुसतं 'भट्टी' म्हणतो. सासरे म्हणायचे, हे म्हणतात, आणि यंदाच्या नाताळापासून पुण्याच्या नातीही म्हणायला लागल्या.

ज्यांना ही पद्धत माहीत नाही (पुण्या-मुंबईच्या बऱ्याच जणांना नसते, सूनबाईलाही नव्हती) त्यांच्यासाठी सांगते. कणीक, तूप, पिठीसाखर, दूध, वेलची असं आपलं सामान आपण न्यायचं. ते लोक मळून, मशिनीतून पट्ट्या काढून, पत्र्यांवर लावून भाजून देतात. मजुरी कोरड्या सामानाच्या वजनावर. यंदा 50 रुपये किलो घेतली. आपण बाकावर बसून राहायचं आणि गरम बिस्किटं पिप्यात भरून घरी आणायची.

बसून का राहायचं, तर तूप. माझे सासरे पेपर घेऊन बसायचे आणि डोळे पेपरावरून तुपाच्या डब्यावर ठेवायचे. त्यांचं ठाम मत होतं की माणूस पान खायला उठला की साजुक तुपाचा डालडा होतो. गेल्या तीस वर्षांत असं एकदाही झालेलं मी पाहिलेलं नाही, पण आमच्याकडून कोणी ना कोणी बसतंच.

यंदा मुलगा, सून आणि दोघी नाती 22 तारखेला आल्या. म्हणजे यायच्या होत्या 22 ला, आल्या 23 ला पहाटे. ग्वाल्हेरचं धुकं पुण्यातच गाडीला धरतं, कारण तीच गाडी वरून उशिरा आलेली असते. मुलं उतरली तेव्हा स्टेशनवर समोरचा फलाट दिसत नव्हता. सूनबाईच्या हातात काचेची बरणी होती. मनुका, काळ्या मनुका, टुटीफ्रुटी आणि संत्र्याची साल असं सगळं महिनाभर संत्र्याच्या रसात मुरत घातलेलं. सामान कुलीकडे, बरणी मात्र हिच्या मांडीवर. नाताळाचा केक करायचा होता, आणि आमच्याकडे ओव्हन नाही.

नातींना खरं तर मेळ्यात जायचं होतं. आता त्यांना काय सांगणार? 1905 पासून भरतोय आमचा मेळा, पण डिसेंबरात उद्घाटन झालं तरी दुकानं आणि झुले सगळे लागेपर्यंत जानेवारी उजाडतो. यांची परतीची तिकिटं 1 जानेवारीची. बाहेर हाडं गोठवणारी थंडी, घरात एक हीटर आणि त्याच्यापुढे बसण्यावरून भांडणं. मुलाला पूर्ण सुट्टी नव्हती, तो रजईत लॅपटॉप घेऊन. म्हणून 24 ला मीच म्हटलं, चला भट्टीवर, तिथे हीटरपेक्षा ऊब असते.

सामान असं नेलं: दोन किलो कणीक, पाव किलो बेसन, एक किलो तूप, एक किलो पिठीसाखर, अर्धा लिटर दूध, वेलची आणि जायफळ घरून कुटून. तिथल्या पोऱ्यानं तूप आणि साखर आधी परातीत हातानं फेसून घेतली, पांढरी होईपर्यंत, मग कणीक. धाकट्या नातीला त्यानं त्यात एक बोट घालू दिलं. मशिनीच्या तोंडातून रेघारेघांची पट्टी निघते, ती तो न बघता एका मापाच्या तुकड्यांत तोडत जातो. मी मोजलं, एका पत्र्यावर बेचाळीस. थोरलीनं मोजलं, त्रेचाळीस. एक तिनं खाल्लं होतं, कच्चं.

बिस्किटांबद्दल तक्रार करायला जागा नाही. कडेला बदामी, मधे फिकट, बोटांत धरली की टिकतात आणि चहात दोन सेकंदांत विरघळतात. भट्टीचं तोंड उघडलं की नाकात झणझणीत वास जातो, त्याला घाबरू नका, तो अमोनिया. फुलायला बेकरीचा अमोनिया, म्हणजे अमोनियम बायकार्बोनेटची पूड, चिमटीभर घालतात, भाजताना त्याचा वायू होऊन उडून जातो, गार झाल्यावर वासही राहत नाही. वजनाबद्दलही सांगून ठेवते, कारण यांनी घरी येऊन काटा काढलाच. तूप धरून सव्वाचार किलो कोरडं सामान आणि वर दूध, बिस्किटं भरली चार किलोला जरा जास्त. "बघ, तूप काढलं." अहो, दुधातलं पाणी उडलं, कणकेतलं उडलं, थोडं मशिनीला चिकटलं, मुलींनी चार-पाच खाल्ली. सूनबाई केमिस्ट्रीची, तिनं कागदावर हिशेब करून दाखवला. यांना पटलेला नाही.

आता तक्रार. केकचं मिश्रण आम्ही त्याच फेरीत नेलं होतं, दोन टिनांत, बरणीतला निम्मा मेवा घालून. बारा वाजले होते. मालक जेवायला गेलेले, पोऱ्यानं "हो जाएगा" म्हणून टिन आत सरकवले. सरकवण्याआधी तो चिमटीभर अमोनिया टाकायलाही निघाला होता. सूनबाईनं हात धरला. पातळ, कोरड्या बिस्किटातून तो वायू निघून जातो, जाड ओल्या केकात अडकतो आणि मग केक खाताना आयोडेक्स लावल्यासारखं वाटतं, असं तिचं म्हणणं. (तुलना माझी.) वीस मिनिटांत टिन बाहेर आले ते वरून काळे ठिक्कर आणि सुरी घातली तर आत खीर. मालक परत आले, बघितलं आणि म्हणाले, "अम्मा, ये तो चार बजे के बाद का काम है."

मग त्यांनी समजावलं, जे आधी समजावायला हवं होतं. विटांची भट्टी, पहाटे आत लाकडं पेटवतात, निखारे बाजूला ओढतात आणि दिवसभर तापलेल्या विटांवर काम चालतं. सकाळची कडक आच पावाची, दुपारची बिस्किटांची. चारनंतर आच उतरते, तेव्हा केक आणि नानखटाई. रात्री जी धग उरते तिच्यावर टोस्ट सुकत पडतात. हे गिऱ्हाइकाला कुठून कळणार? दारावर खडूनं लिहिलं तरी चालेल. आणि जळक्या केकाची मजुरी 80 रुपये घेतलीच. मी म्हटलं, अहो हे कशाचे? तर म्हणाले, लाकूड तर जळलंच ना. या उत्तरावर मला काही सुचलं नाही, याचा राग अजून आहे.

25 ला आम्ही मुरारच्या जुन्या चर्चमध्ये गव्हाणीचा देखावा बघून आलो, बिनाकेकाचे. 26 ला बरोबर चार वाजता पुन्हा भट्टीवर, उरलेला मेवा घेऊन. धाकटी रस्ताभर कुरकुरत होती, "आजी, ख्रिसमस तर संपला." कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली तिची आई म्हणाली, नाही गं, बारा दिवस असतो, 6 जानेवारीपर्यंत. मुलाची मीटिंग होती, पण तूप नसलं तरी राखणीला माणूस हवा म्हणून त्याला यांनी पाठवलंच. तो बाकावर लॅपटॉप उघडून बसला. पाच मिनिटांत त्यावर मैद्याचा थर. त्यानं तो मिटून पिशवीत टाकला आणि भिंतीकडे बोट करून मुलींना म्हणाला, इथे एक खिळा होता, पणजोबा त्याला टोपी अडकवायचे. मला तो खिळा आठवतही नव्हता. मग तो कुठल्याशा दिवाळीत पिपा सायकलवरून पाडला ती गोष्ट सांगत बसला, जी त्यानं मला आजवर सांगितली नव्हती. त्या वेळी घरी सांगितलं होतं की भट्टीवाल्यानंच चुरा दिला. म्हणजे सासऱ्यांनी त्या बिचाऱ्याला वर्षभर बोल लावला तो फुकटच. मालक कोपऱ्यात ऐकत होते. काही बोलले नाहीत, पण केक काढताना माझ्याकडे बघून हसले.

केक पाऊण तासात झाला. रंग गडद, सुरी कोरडी, मेवा तळाला बसलेला नाही (मैद्यात घोळवून घातला होता). फक्त एका बाजूला जरा जास्त उंच, कारण भट्टीचा मागचा भाग जास्त तापतो आणि टिन मधे एकदा फिरवायला हवा, तो पोऱ्या विसरला. आठवण करा.

थोडक्यात काय ते विचाराल तर बिस्किटांसाठी डोळे मिटून जा, केकसाठी उघडे ठेवून. गर्दी टाळायची तर दिवाळीआधीचा आठवडा सोडा. नाताळात बाकावर जागा मिळते. सुटे पैसे न्या. पिपा घरून न्या, तिथे मिळत नाही. आणि पिप्यावर नाव लिहा. 30 तारखेला मुलांसोबत द्यायला म्हणून दुसरा घाणा काढून आणला, तो घरी येऊन उघडला तर कोणाची तरी जिऱ्याची बिस्किटं. बदलायला जाईपर्यंत यांनी सहा खाल्ली होती. बरी होती म्हणे.